तू काही बिघडवलेलं नाहीस

अगं छोटे, तुझं बोलणं ऐकून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विंडोज ११ टाकल्यापासून वायफाय तुटतंय याचा तुला जेवढा त्रास नाही, तेवढा "तूच काहीतरी दाबलंस" या बोलण्याचा आहे. सासूबाई म्हणतात, दीर म्हणतो, आणि आता तूही तेच म्हणायला लागलीस. म्हणून आधी ते मिटवू, मग वायफायकडे वळू.

विंडोज ११ तू काही हौसेनं घेतलं नाहीस. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. तू त्याच लॅपटॉपवरून वारासिवनीच्या, लांजीच्या पोरींचे कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरतेस. त्यांचे आधार नंबर, मार्कशीट, बँकेचे तपशील तुझ्याकडे असतात. असं काम करणाऱ्या बाईनं जुन्यावर बसून राहणं बरोबर नव्हतंच. आणि अपडेटनंतर वायफाय रुसणं ही तुझ्या बोटांची करामत नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर कितीतरी विद्यापीठांतले लॅपटॉप वायफायला जोडायलाच तयार होईनात. तिथं तर पगारी आयटीवाले बसलेले असतात! शेवटी मायक्रोसॉफ्टनं दोष आपल्याकडे असल्याचं मान्य केलं आणि त्याच महिन्यात तो बदल मागे घेतला. त्या वेळी घरच्या साध्या वायफायला सहसा धक्का लागला नव्हता, तेव्हा तुझं दुखणं तेच आहे असं नाही. पण पुन्हा कुणी घरात बोट दाखवलं तर एवढं सांगायला हरकत नाही.

दुसरं, दुकानात न्यायची घाई करू नकोस. "फॉर्मेट मारना पड़ेगा, दीदी" हे उत्तर तिथं कुठल्याही दुखण्याला तयार असतं. फॉर्मेट केल्यावर तेच विंडोज, तोच ड्रायव्हर (तो म्हणजे काय, ते पुढं येईल) पुन्हा बसला तर वायफाय पुन्हा तसंच तुटणार, वर तुझ्या फायली गेल्या त्या गेल्याच. बिघाड कुठं आहे ते आधी शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की वहीत लिहायची. चार गोष्टी एकदम केल्या आणि सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.

सुरुवात फोनपासून कर. लॅपटॉपचं नेट गेलं की त्याच क्षणी तुझा फोन त्याच वायफायवर चालतो का बघ. मोबाइल डेटा बंद करून बघायचं हं, नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो आणि तू फसतेस. फोनचंही नेट गेलं असेल तर लॅपटॉपला हात लावू नकोस. फायबरच्या डब्यावरचे दिवे बघ. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे तार कुठंतरी तुटली किंवा दबली आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हे नवं नाही. अशा वेळी लाइनवाल्याला फोन करायचा, आणि "नेट चालत नाही" असं मोघम नको, "लॉसचा दिवा लाल आहे" असं सांगायचं. मग तो राउटर बंद करून चालू करा म्हणत तुला अर्धा तास घुमवत नाही.

फोन चालतोय आणि लॅपटॉपच तुटतोय, तर पुढचं ऐक. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाब, सीएमडी लिही, एंटर मार. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग लिहिलंस की 'डिफॉल्ट गेटवे' समोर एक आकडा दिसेल, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असा असतो. तो तुझा राउटर. आता पिंग लिही, जागा सोड, तो आकडा लिही, पुन्हा जागा सोड, आडवी रेघ आणि टी. ओळीमागून ओळ धावायला लागेल. ती खिडकी तशीच चालू ठेवून फॉर्म भरत राहा. एरवी 'रिप्लाय फ्रॉम' येत राहील आणि पुढं थोड्याशा मिलिसेकंदांचा आकडा असेल. नेट अडकलं तेव्हाही रिप्लाय नीट येत असतील तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यात भांडण नाही, दोष पलीकडे आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं, किंवा आकडा एकदम शेकड्यांत गेला, तर दोष याच खोलीत आहे. दीर आला की त्यालाही ती खिडकी दाखव. वाद आपोआप थांबेल.

मग वेळ आणि जागा बघ. चार्जर काढल्यावर तुटतं का? झाकण बंद करून उघडल्यावर तुटतं का? ओसरीत बसल्यावर तुटतं आणि राउटरजवळ नाही, असं आहे का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर अर्धा उपाय ठरतो.

बॅटरीवर असताना किंवा झाकण उघडल्यावर तुटत असेल तर बहुधा विंडोज वीज वाचवायला वायफायचं कार्ड झोपवतंय. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक कर, डिव्हाइस मॅनेजर उघड, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायचं नाव शोध, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथं पॉवर मॅनेजमेंटचा कप्पा असतो. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या, अशा अर्थाच्या ओळीसमोरची खूण काढून टाक. काही नव्या लॅपटॉपांत हा कप्पाच नसतो. नसेल तर घाबरू नकोस, पुढं चल.

ओसरीत गेल्यावर तुटत असेल तर भिंतींकडे बघ. राउटर बहुतेक दोन लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. तुमच्या घराच्या भिंती जुन्या आणि जाड, त्यात राउटर लोखंडी कपाटामागं ठेवलेला. दोन्ही लहरींना एकच नाव असलं तर लॅपटॉप दोन्हींमध्ये उड्या मारत बसतो, आणि नवा ड्रायव्हर आला की उड्या मारायची त्याची सवयही बदलते. राउटर कपाटाबाहेर, उंचावर ठेव. जमलं तर त्याच्या सेटिंगमध्ये दोन लहरींना दोन वेगळी नावं दे आणि ओसरीत बसताना २.४ ला जोड.

पण या सगळ्याआधी माझा पहिला संशय ड्रायव्हरवर आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि वायफायचं कार्ड यांच्यातला दुभाषी. विंडोज बदललं, दुभाषी जुनाच राहिला किंवा कामचलाऊ मिळाला, तर निरोप अर्धवट पोचतात. विंडोज अपडेट जो ड्रायव्हर आपणहून बसवतं तो चालतो, पण तुझ्या कार्डाला सगळ्यात चांगला तोच असेल असं नाही. लॅपटॉप उलटा कर, खाली मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर सपोर्टमध्ये तो टाक, विंडोज ११ निवड आणि वायरलेसचा ड्रायव्हर उतरवून घे. भलत्याच साइटवरचा 'ड्रायव्हर अपडेटर' मात्र अजिबात घेऊ नकोस. वायफाय पार मेलेलं असेल तर फोन केबलनं लॅपटॉपला जोड आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. लॅपटॉपला वायफायशिवाय नेट मिळतं. उलट, ड्रायव्हर नवा बसल्यावरच बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्याच प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या कप्प्यात 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. ते बटण फिकट दिसलं तर जुना ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट कर, शट डाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन केल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही, थोडं साठवून झोपतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. तू रोज रात्री शट डाउन करत होतीस आणि सकाळी तोच ताप होता, त्यामागं हेही असू शकतं.

नेटवर्क रीसेट शेवटी. सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथं ते मिळेल. ते दाबलं की साठवलेली सगळी वायफायची नावं आणि पासवर्ड पुसले जातात आणि थोड्या वेळात लॅपटॉप आपणहून रीस्टार्ट होतो. म्हणून आधी पासवर्ड वहीत उतरव, उघडं काम सेव्ह कर, आणि एखादी पोरगी फॉर्म भरायला समोर बसली असताना तर मुळीच दाबू नकोस.

फॉर्मची गोष्ट निघालीच आहे तर हेही ऐक. फी भरताना मधेच नेट गेलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नकोस. आधी त्या पोरीच्या खात्यातून पैसे कटले का ते बघ, मग पोर्टलवर व्यवहाराची स्थिती बघ. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली की लॅपटॉप वायफायवर ठेवूच नकोस, राउटरला सरळ लॅनची तार लाव. तुझ्या लॅपटॉपला तारेची जागा नसेल तर फोनचं टेदरिंग आहेच. पोरीचं वर्ष वायफायच्या मर्जीवर सोडायचं नाही.

एवढं करूनही टिकलं नाही, तर कार्डच जुनं असेल. काही दुकानदार मायक्रोसॉफ्टच्या यादीत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर आडवाटेनं विंडोज ११ चढवून देतात आणि मग कार्डासाठी नवा ड्रायव्हरच मिळत नाही. अशा वेळी लॅपटॉप बदलायची गरज नसते. यूएसबीत बसणारं छोटं वायफाय अडॅप्टर हजार रुपयांच्या आसपास मिळतं. बालाघाटात मनासारखं नाही मिळालं तर गोंदियाला येणं-जाणं असतंच. घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचार: विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का, आणि ५ गिगाहर्ट्झ चालतं का? गोलमोल उत्तर आलं तर पुढचं दुकान.

आणि एक शेवटचं. राउटरचा पासवर्ड, लाइनवाल्याचा ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख, हे सगळं आज दिराच्या फोनमध्ये आहे. ते तुझ्या वहीत यायला हवं. भांडायचं नाही, जावईबापूंसमोर सरळ मागायचं: "काम माझं आहे, माहिती माझ्याकडे पाहिजे." या घरात त्या लॅपटॉपवर कमाई करणारी तू आहेस. ड्रायव्हर आज नवा आहे, उद्या पुन्हा जुना होईल, अपडेट येतच राहतील. दर वेळी कुणाच्या सवडीची वाट बघायची की वही उघडून स्वतः कामाला लागायचं, ते आता तुझ्या हातात आहे.