बोटीतली दुसरी खुर्ची

उल्हासनगर, कॅम्प ५
घटस्थापना

चि. पिंट्या,

पत्र बघून हसशील. आठवड्याला फोन होतो, मग हे कशाला? फोनवर तू "हो काका, हो काका" करतोस आणि विषय काकूच्या गुडघ्यांवर नेतोस, म्हणून. इथे मला पूर्ण बोलू दे.

परवा तू घरच्या ग्रुपवर माशाचा फोटो टाकलास. ब्राऊन ट्राऊट, अंगभर ठिपके, दोन हातांत मावेना एवढा. सगळ्यांनी अंगठे पाठवले. मी फोटो मोठा करून पाहिला. बोटीतली मागची दुसरी खुर्ची रिकामी होती, तुझ्या अंगावर नुसता स्वेटर, आणि फोटो फोन कशाला तरी टेकवून काढलेला. त्यात मावशीकडून कळलं की तुझ्या त्या केरळी मित्राला बाळ झाल्यापासून तो येत नाही आणि तू अंधारात एकटाच बोट पाण्यात सोडतोस. खोटं असतं तर तू आपणहून सांगितलं असतंस.

अरे, ओंटारिओ सरोवर म्हणजे बारवी धरण नव्हे. बारवीत कुठेही असलास तरी डोंगर दिसतो, काठ दिसतो. तुझं पाणी तीनशे किलोमीटर लांब, ऐंशीच्या वर रुंद आणि सगळ्यांत खोल जागी २४४ मीटर. उत्तरेचा वारा सुटला की ती सगळी रुंदी ओलांडून लाटा तुमच्या रॉचेस्टरच्या किनाऱ्यावर येतात. तिथे अठरा फुटांची बोट आणि एक माणूस!

या माशाचं सगळं तूच मला शिकवलंस. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मासा खालच्या गार थराशी जातो, म्हणून तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा लावून चमच्याचं आमिष खोल सोडायचं. सप्टेंबर लागला की तोच मासा अंडी घालायच्या ओढीने काठाकडे येतो, जेनेसी नदीच्या मुखाशी घुटमळतो. मग गोळा नको, लांब दोर सोडून उथळ पाण्यात ओढायचं. वारा एकाच दिशेने वाहत राहिला तर वरचं ऊन पाणी दूर ढकललं जातं, तळाचं गार वर येतं आणि काल मासा होता तिथे आज नसतो, हेही तूच सांगितलंस. तेच गार पाणी माणसासाठी काय असतं, ते मात्र सांगितलं नाहीस. ते मी शेजारच्या मुलाकडून शोधून घेतलं. कॅनडात गॉर्डन गीस्ब्रेख्ट नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांचा हिशेब असा: बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर. म्हणजे माणूस गारठून मरायच्या आधी हात निकामी होऊन बुडतो. अंगात लाइफ जॅकेट असेल तरच तो तास मिळतो. ऑक्टोबरात पाणी बर्फगार नसेल, पण पहिला श्वास अडकायला तेवढंही पुरतं.

"मी बॅरेजला पोहायला शिकलोय" हे मला सांगू नकोस. कोंडेश्वरच्या कुंडात बुडालेल्यांतही पोहता येणारे होते.

आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. आमचा गळ एका जागी बसून वाट बघणारा. तुमचा फिरता. मासा लागला, तू मागे जाळी घेऊन वाकलास, पाय सरकला, तर बोट थांबणार नाही. ती माणसाच्या चालीने जाते म्हणतोस, पण बूट-कपड्यांसकट पोहणाऱ्याला ती चालही गाठता येत नाही. इंजिन बंद करणारी ती मनगटाची दोरी तुमच्याकडे २०२१ पासून सक्तीची आहे, पण बोट वेगात असतानाच. जॅकेटची सक्ती न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे. म्हणजे ऑक्टोबरात हळू बोट चालवणाऱ्या माणसाला कायदा काहीच विचारत नाही. मी ऑर्डनन्स फॅक्टरीत सारी नोकरी मशीनवर काढली. चालत्या मशीनजवळ एकट्याने राहायचं नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात.

रागावलो, बरं का. पण तुझ्या बाबाचंही असंच होतं.

आम्ही दोघं बदलापूरला उतरून उल्हास नदीच्या काठाने चालत जायचो. वालधुनी नदी घराजवळ, पण तिच्यात तेव्हाही गळ टाकावासा वाटायचा नाही. उल्हासला शिंगाळा मिळायचा, नशीब असलं तर मरळ. पुढे मला नोकरी लागली, ओव्हरटाइम आला. तो दर शनिवारी विचारायचा, "दादा, उद्या?" मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. मग त्याने विचारणं सोडलं आणि एकटा जाऊ लागला. तुझी आई नवी नवरी होती. दिवेलागणीपासून बराकीच्या ओट्यावर बसून राहायची, आणि मी आत बसून पेपर वाचायचो. त्याला पाण्याने काही केलं नाही, साखरेने नेलं, हे तू जाणतोसच. पण त्याचं एकटं जाणं माझ्यामुळे सुरू झालं, आणि त्यातल्या एकाही रविवारी मी उठून त्याच्यामागे गेलो नाही. म्हणून ती रिकामी खुर्ची मला दिसली. बाकीच्यांना मासा दिसला.

तू एकटा जातोस कारण तिथे विचारायला कोणी नाही, हे मला कळतं. तुझ्यासारखा हा मासाही तिकडचा नव्हेच. १८८३ मध्ये जर्मनीहून त्याची अंडी आली आणि त्यातली काही तुझ्या गावाजवळच्या कॅलेडोनियाच्या केंद्रात उबवली, असं वाचलं. आपल्या कॅम्पातल्या सिंधी मंडळींसारखाच आला आणि तिथलाच झाला. तूही होशील. ऑफिसात कुणाला तरी विचार, येतोस का म्हणून. त्याला गळ धरता आला नाही तरी चालेल, इंजिन बंद करता आलं की झालं.

मासेमारी सोड असं मी म्हणत नाही. बाबाची ती एकच गोष्ट तुझ्यात उतरली आहे, ती कशी सोडायला सांगू? तुझ्या आईला मी यातलं काही बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. जॅकेटचे पैसे हवे तर मी पाठवतो. हसू नकोस, पेन्शन आहे मला.

सोबत मिळेपर्यंत धक्क्यावरून गळ टाक. आणि बोटीने जाशील तेव्हा निघताना एक मेसेज कर, काठाला लागलास की दुसरा. इथे रात्रीचे किती वाजलेत ते बघू नकोस, मी जागा असतो.

तुझा,
काका