तटरक्षकांचे बिनपगारी सोबती

बुडणाऱ्यास वांचविणें हें शौर्याचें काम आहे, यांत शंका नाहीं. खवळलेल्या समुद्रांत नाव घालणाऱ्या वीरांच्या गोष्टी मुलें आवडीनें वाचतात. परंतु माणूस बुडूंच नये म्हणून जो आधींपासून खटपट करितो, त्याची गोष्ट सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण तो यशस्वी झाला म्हणजे सांगण्यासारखें कांहीं घडतच नाहीं. अशी खटपट करणाऱ्या लोकांच्या एका पथकाची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस करून द्यावी, असें या लेखांत योजिलें आहे. हें पथक म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील तटरक्षक दलाचें साहाय्यक पथक होय.

पथकाचा उगम

इ. स. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हौसेच्या नौकांची संख्या झपाट्यानें वाढूं लागली. परंतु होडी विकत घेणारा प्रत्येक मनुष्य कांहीं दर्यावर्दी नसतो. वाऱ्याचा रोख, भरती-ओहोटी, होकायंत्र व नकाशा यांचें ज्ञान नसतां लोक समुद्रांत शिरत, आणि संकट आलें म्हणजे तटरक्षक दलास हांक मारीत. दलाचीं माणसें व नौका मोजक्याच होत्या. १९३४ सालीं माल्कम स्टुअर्ट बॉयलन नांवाच्या एका चित्रपटलेखकानें दलाच्या एका अधिकाऱ्यास पत्र लिहून अशी सूचना केली कीं, ज्या नौकामालकांना समुद्राची चांगली माहिती आहे, त्यांनाच दलाच्या मदतीस घ्यावें. ती सूचना कालांतरानें फळास आली. २३ जून १९३९ रोजीं यासंबंधीं कायदा झाला. प्रथम या पथकास ‘राखीव दल’ असें नांव होतें. १९ फेब्रुवारी १९४१ रोजीं राखीव दल हें निराळें लष्करी दल ठरून या स्वयंसेवकांस ‘साहाय्यक पथक’ हें नांव मिळालें. तेंच आजतागाईत चालू आहे.

लौकरच पथकाची कसोटी लागली. १९४२ सालीं जर्मनीच्या पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ येऊन व्यापारी जहाजें बुडवूं लागल्या. गस्तीच्या नौका अपुऱ्या पडल्या, तेव्हां हौशी लोकांच्या शिडाच्या नौकाही पहाऱ्यावर निघाल्या. शिडाच्या नौकेस एंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळें ती पाणबुडीस चाहूल लागूं न देतां फिरूं शके. ज्या नौका सुटीच्या दिवशीं सहलीस जात, त्याच बुडालेल्या जहाजांवरील खलाशांचा शोध घेऊं लागल्या.

रचना आणि काम

या पथकाच्या सर्वांत लहान घटकास ‘फ्लोटिला’ म्हणतात. एका गांवचे किंवा एका बंदराचे स्वयंसेवक मिळून हा घटक बनतो, व आपला नायक ते स्वतः निवडतात. अनेक फ्लोटिलांचा एक विभाग व अनेक विभागांचा एक प्रांत होतो. सभासदांस गणवेश असतो, परंतु पगार नसतो. नौका ज्याची त्याची असते. वरिष्ठांच्या हुकुमावरून गस्त घातली असतां इंधनाचा खर्च मिळतो. कोणास पकडण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार त्यांस नाहीं. १९९६ च्या कायद्यानें त्यांच्या कामाची कक्षा पुष्कळ वाढली. तरी प्रत्यक्ष लढाई व गुन्हेगारांचा बंदोबस्त हीं दोन कामें त्यांच्याकडे नाहींत.

मग हे लोक करितात तरी काय? कोणी गस्त घालतो. बंद पडलेली होडी दोर बांधून किनाऱ्यास आणतो. कोणी स्वतःच्या विमानांतून किनारा न्याहाळतो. कोणी तटरक्षकांच्या ठाण्यावर बिनतारी यंत्रापाशीं बसून संकटाची हांक ऐकतो. कोणी दुभाषाचें काम करितो, तर कोणी दलाच्या स्वयंपाकघरांत हात लावतो. परंतु त्यांचीं सर्वांत महत्त्वाचीं कामें दोन आहेत, आणि तीं दोन्ही जमिनीवरच होतात.

पहिलें काम नौकांच्या तपासणीचें. सुटीच्या हंगामांत हे स्वयंसेवक धक्क्यावर जाऊन, मालकाची इच्छा असल्यास, त्याची होडी विनामूल्य तपासतात. प्रत्येक माणसामागें एक जीवरक्षक जाकीट आहे कीं नाहीं, आग विझविण्याचें साधन चालतें कीं नाहीं, रात्रीचे दिवे लागतात कीं नाहीं, संकटाच्या वेळीं खूण करण्यास दारूचे बाण व शिटी आहे कीं नाहीं, हें पाहिलें जातें. सर्व ठीक असेल तर होडीस एक चिठ्ठी चिकटवितात. नसेल तर उणिवांची यादी मालकाच्या हातीं देतात. दंड नाहीं, फिर्याद नाहीं. तपासणाऱ्याच्या हातीं शिक्षेचा अधिकार नाहीं, म्हणूनच मालक आपले दोष लपवीत नाहीं. उलट विचारून घेतो.

दुसरें काम शिकविण्याचें. नौका कशी हांकावी, समोरून दुसरी नौका आल्यास कोणी वाट द्यावी, आकाश पाहून परत केव्हां फिरावें, यांचे वर्ग हे लोक चालवितात. निघण्यापूर्वीं आपण कोठें जाणार, बरोबर कोण आहे व परत केव्हां येणार, हें कागदावर लिहून किनाऱ्यावरील विश्वासू माणसाजवळ द्यावें, असेंही ते शिकवितात. ठरलेली वेळ टळली, म्हणजे तो माणूस तटरक्षकांस कळवितो, आणि शोध कोठें करावयाचा हें त्या कागदावरून समजतें.

आंकडे काय सांगतात

या शिक्षणाचें मोल आंकड्यांवरून दिसतें. २०२२ सालीं अमेरिकेंत हौसेच्या नौकांच्या अपघातांत ६३६ माणसें मृत्यु पावलीं. मृत्यूचें कारण कळलें अशांपैकीं शेंकडा ७५ बुडून मेलीं. आणि बुडालेल्यांपैकीं ज्यांची माहिती मिळाली, त्यांतील शेंकडा ८५ जणांच्या अंगांत जीवरक्षक जाकीट नव्हतें. पुष्कळांस वाटतें कीं, जाकीट होडींत ठेवलें म्हणजे पुरे; वेळ आली कीं घालूं. परंतु होडी उलटते ती सांगून उलटत नाहीं. मनुष्य एकदम थंड पाण्यांत पडला म्हणजे त्यास अनावर धाप लागते, आणि त्याच क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर पाणी छातींत शिरतें. थोड्याच मिनिटांत हातांपायांची शक्ति जाते, मग पोहतां येत असूनही उपयोग होत नाहीं. अशा वेळीं पाण्यांत वाहून चाललेलें जाकीट शोधून त्याचे बंद कोण बांधणार?

आपल्या किनाऱ्यासाठीं धडा

हा धडा केवळ परदेशाचा नव्हे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या दिवशीं मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळी बांधवांनीं अनेकांस आपल्या होड्यांत ओढून घेतलें. त्यांना कोणी हुकूम केला नव्हता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीस नौदलाची एक वेगवान नौका धडकली व दोन्ही नौकांवरील मिळून पंधरा जण दगावले. त्या वेळीं बोटीवरील बहुतेक उतारूंच्या अंगांत जाकिटें नव्हतीं. दोन्ही वेळां वांचविणारे धांवून आले; परंतु वांचविणारा येईपर्यंत पाण्यावर तरंगत राहणें हें ज्याचें त्यालाच करावें लागतें.

भारतीय तटरक्षक दल १ फेब्रुवारी १९७७ रोजीं स्थापन झालें. समुद्रावर संकट आल्यास १५५४ या क्रमांकावर त्यास कळवितां येतें. आपल्या किनाऱ्यावरील गांवांत सागर रक्षक दलाचे स्वयंसेवकही पोलिसांस साहाय्य करितात. तथापि कोणतेंही दल प्रत्येक होडीबरोबर जाऊं शकत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं पुढील तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. बोट धक्क्यावरून सुटण्यापूर्वींच जाकीट अंगांत घालावें व बंद नीट बांधावे. आपण कोठें जातों व केव्हां परतूं, हें घरीं सांगून निघावें. बोटींत मर्यादेपेक्षां अधिक माणसें दिसल्यास पुढल्या बोटीची वाट पाहावी. पालकांसही एक विनंति आहे. जाकीट घालतांना मुलांस संकोच वाटतो, तो वडील माणसें तें घालीत नाहींत म्हणून. बाप धक्क्यावर उभा राहून आपल्या जाकिटाचे बंद बांधूं लागला, तर मुलास निराळें सांगावें लागणार नाहीं.