परसात कोणत्या जातीच्या कोंबड्या पाळाव्या?

कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या मनुष्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, सर्वांत जास्त अंडी कोणती जात देते? हा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि नवशिक्याने तो पहिल्याने विचारू नये असे आम्हांस वाटते. जी जात जास्त देते ती जास्त मागतेही. तिचे मागणे पुरविण्याची सोय आपल्या परसात आहे की नाही, हे आधी पाहावे. बचत गटातून कर्ज काढून पिल्ले आणिली आणि ती मेली, तर पिल्ले जातात, पण हप्ता राहतो. ह्यास्तव निरनिराळ्या जातींचा विचार आम्ही ह्याच दृष्टीने करणार आहो.

१. गावठी कोंबडी. ही वर्षास सुमारे ५० ते ७० अंडी देते, व तीही लहान असतात. म्हणून पुष्कळ लोक हिला तुच्छ मानितात. परंतु हिच्या अंगी तीन गुण आहेत. ही उकिरड्यावर व शेतात आपले पोट बहुतेक स्वतःच भरिते; घारीची सावली दिसताच पिल्लांस पंखांखाली घेते; आणि खुडूक झाली म्हणजे १०-१२ अंड्यांवर २१ दिवस बसून पिल्ले काढिते व वाढविते. खुडूक असता ती अंडी देत नाही, हे खरे. पण तिच्या ऊबेस वीज लागत नाही.

२. विलायती जाती. इटलीतील बंदराच्या नावाने ओळखिली जाणारी पांढरी लेगहॉर्न व अमेरिकेतील तांबडी ऱ्होड आयलंड रेड ह्या जाती प्रसिद्ध आहेत. लेगहॉर्नपासून निपजविलेल्या आजच्या कोंबड्या मोठ्या फार्मवर वर्षास ३०० च्या आसपास अंडी देतात. पण ही संख्या तोलून मापून दिलेल्या खाद्याची व बंदिस्त घराची आहे. परसात सोडिलेल्या त्याच कोंबडीकडून तितक्या अंड्यांची आशा करणे व्यर्थ होय. शिवाय लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाही, आणि तिचा पांढरा रंग घारीस दुरून दिसतो. ऱ्होड आयलंड रेड अधिक काटक व अंगाने भारी आहे.

३. परसासाठी निपजविलेल्या जाती. वनराजा व ग्रामप्रिया ह्या हैदराबाद येथील सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेत, व गिरिराज ही बंगळूर येथे तयार झाली. ह्यांचे रंग गावठीसारखे असून ह्या मोकळ्या फिरून चरतात. वनराजा परसात वर्षास सुमारे १०० ते १२० अंडी देते व तिचे कोंबडे मांसासाठी लवकर वाढतात. ग्रामप्रिया अंड्यांसाठी अधिक बरी. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या जाती संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांपासून घरी काढिलेली पिल्ले आईबापांच्या तोडीची निघत नाहीत. नवी पिल्ले पुन्हा विकतच घ्यावी लागतात.

४. असील व कडकनाथ. असील झुंजार, भारी व अंड्यांवर उत्तम बसणारी आहे. पण अंडी थोडी देते. कडकनाथाचे मांस काळे असते व त्यास भाव चांगला मिळतो. झाबुआच्या कडकनाथास सन २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु भाव गिऱ्हाईक असेल तेथेच मिळतो. सन २०१९ मध्ये आमच्या महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या एका योजनेत पैसे बुडाल्याच्या तक्रारी पुष्कळ शेतकऱ्यांनी केल्या. पक्षी वाईट नव्हता. विकत कोण घेणार, हे आधी पाहिले गेले नाही.

मग नवशिक्याने काय करावे? आमचे मत असे की, आरंभी दोन-तीन चांगल्या गावठी कोंबड्या ठेवाव्या, आणि त्यांच्या जोडीस ग्रामप्रियेची किंवा वनराजाची आठ-दहा पिल्ले घ्यावी. एक दिवसाच्या पिल्लास पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश उष्णता लागते. ती देण्याची सोय नसेल तर चार ते सहा आठवड्यांची, लस टोचलेली पिल्लेच विश्वासू ठिकाणाहून आणावी. पुढे फलित अंडी मिळाल्यास खुडूक गावठीखाली ठेवावी. दुकानातील अंडी ठेवू नयेत. मोठ्या फार्मवर कोंबड्यांत कोंबडा नसल्यामुळे त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. दारावर पाटीतून स्वस्त, रंगविलेली पिल्ले विकावयास येतात, तीही घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीतून वेगळे काढिलेले नर असतात; ती अंडी कधीच देणार नाहीत.

जात कोणतीही असो, मानमोडी कोणासही सोडीत नाही. हिलाच राणीखेत म्हणतात, कारण हिंदुस्थानात ती सन १९२७ मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे आढळली. ही रोगराई शिरली म्हणजे खुराडे दोन दिवसांत ओस पडते. लागण झाल्यावर औषध नाही. उपाय लस हाच. पिल्लू पाच-सात दिवसांचे असता डोळ्यात थेंब घालितात, व आठव्या आठवड्यात टोचितात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, आणि शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी. कारण एका बाटलीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती लस असते व फोडल्यावर ती टिकत नाही. रात्री मुंगूस व बोका ह्यांस शिरता येणार नाही असे खुराडे पक्षी येण्याच्या आधी तयार असावे.

मंडळीत एकत्र बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा :

(१) आपल्या परसात कोंबड्यांस फुकट खावयास काय व किती मिळते?
(२) पिल्लांस ऊब कोण देणार, कोंबडी की दिवा?
(३) अंडी विकावयाची की मुलांस खावयास घालावयाची?
(४) आपल्या आळीत लस आणण्यास कोण जाईल?

ह्या चारांची उत्तरे ज्या घरी तयार आहेत, त्या घरी जातीची निवड करणे अवघड नाही.