अँजिओग्राफी झाली, मग आतून तपासणी कशाला?

प्रश्न : बाबांची लीड्स जनरल इन्फर्मरीत अँजिओग्राफी झाली. आता स्टेंट घालताना धमनीत आतून चित्रण करू म्हणतात. गरज आहे का?

उत्तर : माझ्या मते, हो. अँजिओग्राफीत दिसते ती डायची सावली. धमनीची भिंत नाही. कॅल्शियम किती साठलंय, स्टेंट नीट उघडून भिंतीला टेकला का, हे आतूनच कळतं. त्याच्या दोन पद्धती आहेत: आयव्हस ध्वनिलहरी वापरतं, ओसीटी अवरक्त प्रकाश. (कॅमेरा दोन्हींत नसतो!) ओसीटी 10 ते 20 मायक्रॉनपर्यंतचे बारकावे टिपतं, पण त्याला सहसा जादा डाय लागतो, मूत्रपिंडं नाजूक असतील तर आयव्हस बरं. मुख्य डाव्या धमनीत, फाट्यावर किंवा लांबलचक अडथळा असेल, तर 2024च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना अशा चित्रणाची ठाम शिफारस करतात. मूत्रपिंडं कशी आहेत हे कळायला बाबांचं क्रिएटिनिन किती आहे, ते आधी विचारून घ्या.