सर्पगंधा आणि स्वीडनमधील ससे

सर्पगंधेची मुळी भारतीय वैद्यकास शतकानुशतके परिचित आहे. उन्माद, निद्रानाश यांसारख्या विकारांवर ती दिली जाई. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्या रक्तदाबावरील गुणाविषयीचा अभ्यास एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. त्याने प्रक्षुब्ध मनोरुग्ण शांत होत; मात्र काहींचे हातपाय कंपवाताच्या रुग्णांप्रमाणे ताठरत व थरथरत. मन निवविणाऱ्या औषधाने शरीर का जखडावे?

या प्रश्नाचा मागोवा स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ अर्विद कार्लसन (१९२३-२०१८) यांनी घेतला. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून ते लुंड येथे परतले. रेसर्पिनमुळे मेंदूतील सिरोटोनिन घटते, हे ब्रॉडी यांनी दाखविले होते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही घटते, असे कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९५७ मध्ये त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल पडून राहिले. नंतर त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले! (खाजकुइलीच्या बियांत असते तेच हे द्रव्य.) आश्चर्य असे, की सशांच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मुळीच वाढले नव्हते. वाढले होते ते डोपामिन. तोवर डोपामिनला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तयार होतानाची केवळ एक पायरी समजत. ते मेंदूत स्वतंत्रपणे कार्य करते, हा निष्कर्ष त्या काळी धाडसाचाच होता.

१९६० साली लंडनच्या परिसंवादात ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी तो मानला नाही. मज्जापेशी परस्परांशी रासायनिक द्रव्यांद्वारे संपर्क साधतात, हेच मुळी अनेकांना पटत नव्हते. परंतु त्याच वर्षी व्हिएन्ना येथे हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालींचे नियमन करणाऱ्या भागांत डोपामिन अत्यल्प आढळले. पुढील वर्षी तेथेच रुग्णांना एल-डोपा टोचण्यात आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही काळ चालू लागली. १९६७ मध्ये अमेरिकेत कॉट्झियास यांनी पोटातून मोठ्या मात्रेत ते देऊन टिकाऊ गुण मिळविला.

कार्लसन यांचे कार्य येथेच थांबले नाही. मनोविकारांवरील औषधे मेंदूतील डोपामिनचा परिणाम रोखतात, याचा मागही १९६३ मध्ये त्यांनीच लावला. सिरोटोनिनवर कार्य करणारे झिमेलिडिन हे नैराश्यावरील औषध त्यांच्याच संशोधनातून निघाले. परंतु काही रुग्णांना मज्जातंतूंचा गंभीर विकार जडल्याने १९८३ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. सशांवरील प्रयोगानंतर तब्बल ४३ वर्षांनी, २००० साली, त्यांना आणखी दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

एल-डोपाने कंपवात समूळ बरा होत नाही आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीराच्या अनावर हालचाली सुरू होतात. तरीही या विकारावरील मुख्य औषध आजही तेच आहे.