पायाखालचा बर्फ

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातील अनेक घरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. मुले दगडविटांवर चिखल थापून तट आणि बुरूज रचतात, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात आणि मग शिवाजीमहाराज व त्यांचे मावळे यांची मातीची चित्रे जागोजागी मांडतात. चित्रे बाजारात विकत मिळतात. किल्ला मात्र स्वतःच्या हातांनी रचावा लागतो. मातीचा मावळा फळीवर ठेवला तर तो केवळ खेळणे असतो. तोच कड्याच्या टोकावर उभा केला की पहारेकरी होतो. त्याच्या ठिकाणी हा पालट घडवून आणते ती त्याच्या पायाखालची भूमी.

लहान आकृतींसाठी अशी भूमी, म्हणजेच बैठक, तयार करण्याचा छंद जगातील अनेक देशांत जोपासला जातो. त्यात गोठलेल्या समुद्राची बैठक फार अवघड समजली पाहिजे. बर्फ वितळणारा आणि पाणी वाहणारे. पण कारागिराला ती दोन्ही न वितळणाऱ्या आणि न वाहणाऱ्या द्रव्यांतून निर्माण करावी लागतात. शिवाय उष्ण देशातील कारागिराने गोठलेला समुद्र बहुधा पाहिलेलाही नसतो. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते खरे वाटेल असे करायचे, तर त्यामागील सृष्टीचे नियम समजून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

अशा बैठकीला शोभेल असा एक प्रसंग दक्षिण ध्रुवाकडील मोहिमांच्या इतिहासात आहे. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे 'एन्ड्युअरन्स' हे जहाज १९१५ च्या जानेवारीत वेडेल समुद्रातील बर्फात अडकून पडले. बर्फाच्या दाबाने ते हळूहळू चिरडले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी बुडाले. त्यानंतर जहाजावरील २८ माणसे तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवर तंबू ठोकून राहिली. ९ एप्रिल १९१६ च्या रात्री समुद्राच्या उसळीने त्यांच्या मुक्कामाची लादी दुभंगली. भेग नेमकी एका तंबूखालून गेली आणि होल्नेस नावाचा खलाशी झोपण्याच्या पिशवीसह पाण्यात पडला. शॅकल्टन यांनी धाव घेऊन त्याला पिशवीसकट वर ओढले. पुढच्या काही क्षणांतच भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर आदळल्या.

हा प्रसंग बैठकीवर मांडण्यास फार आकृती लागत नाहीत. एक तंबू, एक पिशवी, भेगेच्या काठाशी वाकलेला एक माणूस आणि धावत येणारे दोघे-तिघे एवढे पुरेत. खरे काम बर्फाचे आहे.

प्रथम प्रमाण ठरवावे लागते. आकृती खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाची असेल, तर पावणेदोन मीटर उंचीचा माणूस सुमारे २.४ सेंटिमीटरचा होतो. दीड मीटर जाडीची लादी त्याच प्रमाणात सुमारे २ सेंटिमीटर जाडीची भरते. बर्फ समुद्राच्या पाण्याहून थोडाच हलका असल्यामुळे तरंगताना त्याच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाण्याखाली राहतात. म्हणून या बैठकीत लादीचा केवळ २ मिलिमीटर भाग पाण्यावर दिसला पाहिजे. नवशिका कारागीर येथेच फसतो. तो लादी ओट्यासारखी उंच करतो आणि तिच्यावरील माणसे निर्धास्त दिसू लागतात. वास्तविक त्या माणसांच्या तळव्यांपासून पाणी फार दूर नव्हते.

लादीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून २ सेंटिमीटर जाडीची वडी पाडावी. ती वाळली की सुरीने कापू नये, हातांनी मोडावी. सुरीची कड सरळ व निर्जीव दिसते, तर मोडलेली कड आपोआप खडबडीत होते. याहून महत्त्वाचे म्हणजे मोडलेल्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींशी जुळतात. एका बाजूस खोबण असेल तर समोर तसाच उंचवटा असतो. ते तुकडे बोटभर अंतरावर ठेवले की ही लादी नुकतीच दुभंगली आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

रंग देताना बर्फ पांढरा असतो ही समजूत बाजूस ठेवावी लागते. ताजे हिम पांढरे दिसते. कारण त्याच्या असंख्य कणांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. घट्ट बर्फात प्रकाश खोल शिरतो, त्यातील तांबडा भाग शोषला जातो आणि निळसर छटा उरते. म्हणून लादीचा माथा पांढरा, कडा फिक्या निळ्या आणि पाण्याखालचा भाग हिरवट निळा रंगवावा. दक्षिण समुद्रातील बर्फाच्या तळाशी सूक्ष्म शेवाळ वाढते. त्याची पुसट तपकिरी छटा तळाला दिल्यास ती खोटी ठरणार नाही.

पाणी मात्र जवळजवळ काळे हवे. खोल समुद्रात शिरलेला प्रकाश फारसा परतत नाही. म्हणून पांढऱ्या लाद्यांमधली फट शाईसारखी दिसते. लाकडी फळीला गडद निळा व काळा रंग देऊन भोवती पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती उभ्या कराव्यात. लाद्या तळाला टेकलेल्या दिसू नयेत यासाठी त्यांच्याखाली काळे रंगवलेले छोटे ठोकळे ठेवावेत. प्लास्टर सच्छिद्र असते. त्यातून हवेचे बुडबुडे निघू नयेत म्हणून लाद्यांना आधीच सुतारकामाच्या पांढऱ्या सरसाचा हात द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर एपॉक्सी रेझिनचे दोन घटक दिलेल्या प्रमाणात मिसळून थोडे थोडे ओतावे. ते घट्ट होताना उष्णता निर्माण होते. एकदम जाड थर ओतल्यास तडे जाण्याचा संभव असतो. रेझिन त्वचेला व श्वासाला अपायकारक असल्यामुळे हे काम वडीलधाऱ्यांच्या देखत, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून करणे इष्ट होय.

पृष्ठभागावर फेसाळ लाटा काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. दाटीने तरंगणारा बर्फ लहान लाटा शमवून टाकतो, म्हणून फटींतले पाणी संथ असते. लांबवरून येणारी मोठी उसळी मात्र बर्फाखालून पुढे सरकते आणि लाद्या फोडते. त्या रात्री घात केला तो अशाच उसळीने.

शेवटी हिम. माथ्यावर पातळ सरस लावून संगमरवराची बारीक भुकटी चाळणीने भुरभुरावी. खाण्याचा सोडा सहज मिळतो. पण तो पुढे पिवळट पडू शकतो. हिम भेगेच्या काठापर्यंत यावे आणि तेथे एकाएकी तुटावे.

एवढे झाल्यावर आकृती मांडाव्यात. तंबू भेगेवर तिरपा पडलेला, पिशवी काठाशी आणि वाकलेल्या माणसाचा हात तिच्यापर्यंत पोहोचलेला. या बैठकीपुढे उभा राहणारा प्रथम तो हात पाहील. मग त्याची दृष्टी भेगेच्या जुळत्या कडांकडे वळेल आणि त्या पुन्हा मिटल्या तर काय होईल, हे त्याच्या ध्यानी येईल.

त्या जहाजावरील सर्व २८ माणसे वाचली. एलिफंट बेटावर वाट पाहणाऱ्या अखेरच्या २२ जणांची सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी झाली. बुडालेले जहाज २०२२ च्या मार्च महिन्यात समुद्रतळाशी ३,००८ मीटर खोलीवर सापडले. शॅकल्टन यांच्या धैर्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. बर्फाची बैठक करणारा कारागीर त्या धैर्याची जागा दाखवतो. लादीचे नऊ भाग पाण्याखाली असतात. ते क्वचितच कोणी वाकून पाहतो. तरीही तो ते मन लावून घडवतो, कारण वरचा एक भाग त्यांच्याच आधाराने तरंगत असतो.

स्वाध्याय

१. लादीचा फार थोडा भाग पाण्यावर का दाखवावा?
२. प्लास्टरची वडी सुरीने न कापता हातांनी मोडण्याचे दोन फायदे सांगा.
३. ताजे हिम पांढरे आणि घट्ट बर्फ निळसर का दिसतो?
४. दिवाळीत पाहिलेल्या एखाद्या किल्ल्याचे वर्णन दहा ओळींत लिहा. त्यातील कोणत्या आकृतीला तिच्या जागेमुळे अर्थ आला होता, ते सांगा.