लाल कॅलिपर, काळं ऑइल

जुनी गाडी घेताना माणूस बॉनेट उघडतो, खाली वाकून गंज बघतो, किलोमीटर मागे फिरवलेत का याचा अंदाज घेतो. चाकाच्या आत मात्र फार कोणी डोकावत नाही, आणि डोकावलंच तर जे चमकतं त्यावर खूश होतो. माझ्या 2013 च्या स्विफ्टच्या पुढच्या चाकांत लालभडक कॅलिपर होते, डिस्कला गोल भोकं पाडलेली होती. "ब्रेकवर बराच खर्च केलाय, साहेब," असं आधीच्या मालकाने सांगितलं आणि किमतीत तो खर्च धरलाही.

त्या खर्चाची परीक्षा आंबेनळी घाटात झाली. मे महिना, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो. पाच माणसं, डिकी ठासून भरलेली. चाक मेहुण्याच्या हातात. तो गाडी सावकाश चालवतो, म्हणजे पाय कायम ब्रेकवर ठेवतो. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि करपट वास यायला लागला. पुढच्या ट्रकचा असेल, असं मागच्या सीटवर एकमताने ठरलं. मग एका वळणाआधी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं ते गेलंच. भराभर दोन-तीनदा दाबल्यावर जेमतेम पकड आली. "दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात!" मी ओरडलो. त्याने टाकला, इंजिन किंचाळलं, आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्याने गाडी डोंगराच्या बाजूला उभी केली. गाडी चालवण्याबद्दल मी त्याला एरवी बरंच ऐकवतो. त्या दिवशी काही बोललो नाही.

भाचा पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावला, त्याला अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, कधी तडकतेही. तासभर नुसतं बसून राहिलो. तासाभराने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! पोलादपूरच्या एका गॅरेजवाल्याने फेरी मारून सांगितलं, "लागतोय की ब्रेक चांगला." तो खोटं बोलत नव्हता. घाटातल्या ब्रेकचं दुखणं असं असतं की गाडी थंड झाली की पुरावाच नाहीसा होतो.

पुण्यात चाकं उतरवली तेव्हा सगळं उघडं पडलं. लाल कॅलिपर म्हणजे मूळ कॅलिपरवर चिकटवलेली प्लास्टिकची कव्हरं. आतली उष्णता बाहेर पडण्याची वाट त्यांनीच अडवली होती. डिस्कच्या भोकांच्या कडांना केसासारख्या बारीक चिरा. पॅडवर कुठल्या कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. डावीकडच्या कॅलिपरची पिन गंजून अडकलेली, त्यामुळे एक पॅड तिरका झिजलेला. आणि टाकीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. आधीच्या मालकाने बाहेरून दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर पैसे खर्च केले होते आणि जे दिसत नाही त्याला हात लावला नव्हता.

त्यानंतर ब्रेक सुधारायचे ठरवले तेव्हा आधी एक प्रश्न सोडवावा लागला: छोट्या गाडीचा ब्रेक कमी पडतो म्हणजे नेमका कशात कमी पडतो? बहुतेकांना वाटतं, जोरात. तसं नसतं. रिकाम्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबल्यावर चाकं जाम होत असतील, किंवा एबीएस असलेल्या गाडीत पायाखाली थरथर जाणवत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. मग डिस्क आणखी मोठी बसवून गाडी लवकर थांबणार नाही. चाक लवकर जाम होईल, एवढंच. एकदा दाबून गाडी थांबवायला कंपनीचे ब्रेक पुरतात. ते अपुरे पडतात ते पुन्हा पुन्हा दाबल्यावर, म्हणजे उष्णतेपुढे.

उष्णता किती? 80 च्या वेगातली गाडी पूर्ण थांबवली की जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, साधारण तेवढीच गाडी 25 मीटर खाली उतरताना सुटते. हजार मीटरचा घाट उतरणं म्हणजे 80 वरून चाळीस वेळा गाडी थांबवणं. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार हजार मीटरहून जास्तच आहे. यातला मोठा वाटा इंजिनने उचलावा अशी अपेक्षा असते, म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. वरच्या गिअरमध्ये उतरलात तर तो सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पेट्रोल वाचतं या समजुतीवर हा उद्योग चालतो. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनचं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. इंजिनच बंद करून उतरणाऱ्याचा, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि मग पेडल दगडासारखं घट्ट.

आता ऑइल. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये तेल नसतं. तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव असतो आणि हवेतलं पाणी शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत शिरतं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात साधारण 3.7 टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर तिला दाबण्यातच संपतो आणि पेडल फ्लोअरला टेकतं. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि मेकॅनिक म्हणतो, लागतोय की ब्रेक चांगला.

म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे डॉट 4 चं सीलबंद नवं ऑइल. चांगल्या कंपनीची अर्ध्या लिटरची बाटली पाचशे रुपयांच्या आत येते. तुमच्या टाकीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलं असेल तरी डॉट 4 चालतं. डॉट 5.1 ही त्याच जातीचं आहे. पण नुसतं डॉट 5 म्हणजे सिलिकॉन, ते यात मिसळायचं नाही. नावातला एवढासा फरक दुकानदारही विसरतो. स्टीअरिंगचं किंवा दुसरं कुठलं तेल तर थेंबभरही नको, आतली रबरं फुगतात. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलवटतो.

बदलताना शेजारी उभे राहा, हा माझा आग्रह. बऱ्याच ठिकाणी टाकीतलं ऑइल सिरिंजने ओढतात, वरून नवं ओततात आणि बिल देतात. जे ऑइल उकळतं ते कॅलिपरजवळचं, आणि ते तिथेच राहतं. चारही चाकांच्या निपलमधून जुनं पूर्ण बाहेर येऊन स्वच्छ नवं दिसेपर्यंत काढायला हवं, हवेचा बुडबुडा राहता कामा नये. हे काम दोन माणसांचं आणि कंटाळवाणं आहे, म्हणूनच टाळलं जातं. दर दोन वर्षांनी, गाडी कमी चालली असली तरी.

दुसरा खर्च पॅडचा. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने माझ्यापुढे मोठी डिस्क, मोठा कॅलिपर असं पूर्ण किटच मांडलं. हिशेब करत गेलो तेव्हा लक्षात आलं की ते माझ्या 14 इंची रिममध्ये मावणार नाही. म्हणजे मोठी रिम, मग नवे टायर. शिवाय मागे ड्रमच राहणार. पुढचा ब्रेक एकदम जबर आणि मागचा होता तसाच, असं झालं की कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांत वाटून दिलेला जोर बिघडतो. एवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी आली असती. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पॅड, ऑइल, त्याच मापाची डिस्क हे झिजणारे भाग आहेत, ते बदलायला आडकाठी नाही. किट ही वेगळी गोष्ट, अपघातानंतर विम्याच्या दाव्यात ते महागात पडू शकतं.

पॅड निवडताना तीन नावं कानावर पडतात. ऑरगॅनिक मऊ, शांत, स्वस्त, पण उष्णतेला लवकर हार जातात. सेमी-मेटॅलिक उष्णता जास्त सोसतात, थोडा आवाज करतात, चाकं काळी करतात, डिस्कही जरा जास्त खातात. सिरॅमिक स्वच्छ आणि शांत, किंमत जास्त. पकडही त्याच प्रमाणात वाढते हा मात्र गैरसमज. वर्षातून चार-सहा वेळा घाट उतरणाऱ्याने गाडीच्या कंपनीचे मूळ पॅड किंवा नावाजलेल्या कंपनीचे सेमी-मेटॅलिक घ्यावेत. शर्यतीच्या पॅडच्या वाटेला जाऊ नये. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर शाळेची मुलं आडवी येतात तेव्हा ते थंडच असतात. पाकिटावर ई-चिन्ह आणि आर 90 असं लिहिलेलं असेल तर चांगलं. त्या युरोपीय नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. बनावट माल या बाजारात भरपूर आहे, तेव्हा होलोग्राम बघा आणि पक्कं बिल घ्या. "बिल कशाला, दोनशे कमी करतो" म्हणणाऱ्या दुकानातून निघून या.

भोकाच्या डिस्कबद्दल थोडक्यात: त्या मी काढून टाकल्या. जुन्या काळातल्या पॅडमधून तापल्यावर सुटणारा वायू बाहेर जावा म्हणून ती भोकं आली; आजच्या पॅडमध्ये तो त्रास फारसा उरलेला नाही, पण धातू कमी झाल्याने उष्णता साठवायची ताकद घटते आणि चिरा भोकांपासूनच सुरू होतात. साध्या, आतून पोकळ, मूळ मापाच्या डिस्क घ्या. जुनी डिस्क लेथवर घासून घ्यायचा विचार असेल तर तिच्या कडेवर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. त्याखाली गेलेली डिस्क भंगारात.

स्टीलच्या जाळीच्या होजने पेडल थोडं कडक लागतं, गाडी मात्र लवकर थांबत नाही. मी घेतल्या नाहीत. तुमचे रबरी होज चिरले असतील तर मूळचेच नवे लावा.

खरा फरक पडतो तो ज्याला कोणी अपग्रेड म्हणत नाही अशा कामांनी. कॅलिपरच्या पिना काढून साफ करणं आणि उष्णता सोसणारं ब्रेकचंच ग्रीस लावणं. साधं ग्रीस वितळून पॅडवर येतं. मागचे ड्रम उघडून धूळ झाडणं, शू अ‍ॅडजस्ट करणं, व्हील सिलिंडर गळतोय का बघणं. पावसाळ्यानंतर हे करून घेतलं की निम्म्या तक्रारी मिटतात. मजुरी किरकोळ असते.

आणि टायर. पैसे मोजकेच असतील आणि टायर म्हातारे झाले असतील, तर ब्रेकचे पैसे टायरला द्या. कायद्याने 1.6 मिलीमीटर खाच चालते. ओल्या रस्त्यावर मी तेवढ्यापर्यंत थांबणार नाही. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. (हे डॉट आणि ऑइलचं डॉट एकच, अमेरिकेचं वाहतूक खातं.) माझ्या गाडीला एबीएस नाही. 1 एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं, माझी त्याआधीची. अशा गाडीत चाक जाम झालं की स्टीअरिंगही ऐकत नाही, म्हणून माझ्या यादीत टायर पॅडच्याही वर आहेत.

नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 15-20 पर्यंत आठ-दहा वेळा एकसारखा दाब देऊन वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मध्ये डिस्कला वारा लागू द्या. त्याने पॅडचा थर डिस्कवर समान बसतो. तापल्यावर सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलात तर तिथे डाग पडतो आणि पुढे पेडल थरथरतं.

घाटात पेडल खाली गेलं तर कारण ऑइल. पेडल कडक आहे, वास येतोय, पण गाडी थांबत नाही, तर कारण पॅड. मेकॅनिकला हा फरक सांगितलात तर तो नेमकं तेच उघडेल. नाहीतर फेरी मारून गाडी परत देईल.

या मे महिन्यात कोकणात उतरणार असाल तर ब्रेकचं काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका, किमान दोन आठवडे आधी करा. नवे पॅड सपाटीवर रुळू द्या, निपलमधून गळती नाही ना ते बघा. आणि चाकांत लाल कव्हरं असतील तर आजच उपटून फेका. त्याला पैसेही लागत नाहीत.